आजीचे जाते, आईची लोकल आणि आपला व्यायाम

दवाखान्यात दोन वाक्ये मी वरचेवर ऐकते. पहिले, "आमच्या आजीने जन्मात व्यायाम केला नाही, तिला कुठे झाला मधुमेह?" आणि दुसरे, "डॉक्टर, तीन महिने रोज तलावपाळीला फेऱ्या मारल्या, वजन काही हललं नाही. मग चालणं बंद केलं."

दुसरे वाक्य मला जास्त काळजीत टाकते. वजन हलले नाही म्हणून चालणे सोडणारी बाई, अंगात होत असलेला फायदा स्वतःच्या हाताने थांबवत असते. तो फायदा वजनकाट्यावर दिसत नाही. तो रक्तातल्या साखरेत, ट्रायग्लिसराइडमध्ये, रक्तदाबात आणि यकृताभोवतीच्या चरबीत दिसतो. या सगळ्याला मिळून आपण चयापचयाचे, म्हणजे मेटाबॉलिक आरोग्य म्हणतो.

आजच्या लेखात थोडा इतिहास पाहू. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात बायकांच्या अंगमेहनतीचे गेल्या दोन-तीन पिढ्यांत काय झाले, आणि त्याच काळात व्यायामाच्या निरनिराळ्या प्रकारांबद्दल शास्त्राला काय कळत गेले, हे दोन धागे शेजारी ठेवले की वरच्या दोन्ही वाक्यांची उत्तरे मिळतात.

आजी कोणते व्यायाम करत होती?

ठाणे जिल्हा हा भाताचा मुलूख. आज जिथे टॉवर उभे आहेत तिथे बऱ्याच ठिकाणी भातखाचरे होती, खाडीच्या कडेला मिठागरे होती. आगरी, कोळी, कुणबी, वारली घरांतल्या बायका पावसात दिवसभर वाकून लावणी करत, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठत. गावठाणातल्या आणि वाड्यांतल्या बायका शेतावर जात नसल्या तरी घरकाम काही कमी नव्हते. पहाटे जात्यावर दळण, उखळात मुसळाने कांडण, विहिरीतून पोहरा ओढणे, भरलेली कळशी कमरेवर आणि हंडा डोक्यावर घेऊन घरी येणे, कपडे दगडावर आपटणे, जमीन सारवणे.

आजच्या व्यायामशास्त्राच्या भाषेत या कामांची वाटणी करून पाहा. पाण्यासाठी आणि शेतावर केलेली पायपीट हा एरोबिक व्यायाम. जाते ओढणे, मुसळ उचलणे, पोहरा वर खेचणे हा स्नायूंना वजनाविरुद्ध काम लावणारा, म्हणजे ताकदीचा व्यायाम. चुलीपुढे उकिडवे बसणे-उठणे यात मांड्या आणि नितंबांचे मोठे स्नायू दिवसातून कितीतरी वेळा वापरले जात. श्रावणात मंगळागौरीच्या रात्री फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा हे खेळ होत. जोरात एक फुगडी, मग दम खायला थोडे थांबणे, पुन्हा फुगडी. हल्ली यालाच इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात.

म्हणजे आजीने व्यायाम केला नाही हे खरे, पण तिच्या दिवसात व्यायामाचे सगळे प्रकार होते. जात्याचे हे जग किती मोठे होते याची कल्पना जात्यावरच्या ओव्यांवरून येते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून या ओव्या गोळा झाल्या, तेव्हा त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली.

पण कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

इथे थोडे थांबायला हवे. "जुने तेच बरे होते" असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातले सरासरी आयुर्मान साधारण ३२ वर्षे होते. मधुमेह ज्या वयात बळावतो त्या वयापर्यंत पुष्कळ बायका पोहोचतच नव्हत्या, आणि पोहोचल्या तरी रक्त कोणी तपासत नव्हते.

शिवाय पोटभर अन्न आणि विश्रांती नसताना केलेली मेहनत शरीराला झिजवते. याचा पुरावा आपल्याच राज्यातून आला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यात असे दिसले की गरोदरपणात ज्या बायकांवर शेतातल्या आणि घरातल्या जड कामाचा भार जास्त होता, त्यांची बाळे वजनाने कमी भरली. म्हणजे हालचाल तीच, पण आधी खायला मिळते का, नंतर विसावा मिळतो का, आणि ती आपल्या मर्जीने केलेली आहे का, यावर तिचा परिणाम बदलतो. व्यायाम आणि कष्ट यांत हा फरक आहे. त्यामुळे जाते घरात परत आणणे हा काही उपाय नाही. जात्याबरोबर अंगातून काय गेले, तेवढे ओळखून ते परत मिळवायचे आहे.

गिरणी, नळ आणि लोकल

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. ही गावे मुंबईला जोडली गेली, तरी घरातल्या बाईचा दिवस बदलायला पुढे बराच काळ जावा लागला. पिठाची गिरणी आली, तेव्हा जाते कोपऱ्यात गेले. भात सडायची गिरणी आली, मुसळ गेले. नळ आला, विहीर सुटली. गॅसची शेगडी आणि ओटा आला, उकिडवे बसणे संपले. मिक्सर आला, पाटा-वरवंटा माळ्यावर गेला. यातला एकेक बदल बाईच्या सुटकेचा होता आणि त्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट, पुढे डोंबिवलीची एमआयडीसी उभी राहिली, मुंबईत घर न परवडणारी मध्यमवर्गीय कुटुंबे इकडे येत गेली. १९८२ मध्ये ठाण्याची आणि १९८३ मध्ये कल्याणची महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत एकट्या कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. या वाढत्या वस्तीतली बाई नोकरीला बाहेर पडली. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली आणि त्याच वर्षी मध्य रेल्वेवर कल्याणचीही.

या बाईचा दिवस तुम्ही ओळखता. पहाटे पाचला उठून डबे, मग स्टेशनची धावपळ, कल्याण ते सीएसएमटी ५४ किलोमीटर, नशीब असेल तर चौथी सीट. ऑफिसमध्ये आठ तास खुर्ची. परतीच्या गाडीत मांडीवर भाजी निवडणे, उतरल्यावर पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या. ती दमते, प्रचंड दमते. म्हणूनच तिला वाटते की आपला व्यायाम होतोच आहे. पण हा थकवा झोप कमी पडल्याचा, ताणाचा आणि तासन्‌तास उभे राहण्याचा आहे. तिचे हृदय सलग वीस मिनिटे जोरात चाललेले नसते आणि मांड्यांचे, पाठीचे, दंडाचे स्नायू वजनाविरुद्ध झगडलेले नसतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका मोठ्या पाहणीत महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या १४,००० हून अधिक लोकांची शारीरिक हालचाल मोजली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक लोक निष्क्रिय गटात होते, शहरात हे प्रमाण ६५ टक्के होते आणि बायका पुरुषांपेक्षा कमी सक्रिय होत्या. महाराष्ट्रातल्या ९१ टक्के लोकांनी फावल्या वेळात खेळ किंवा व्यायाम असे काहीच करत नसल्याचे सांगितले. कामातली हालचाल गेली आणि तिच्या जागी दुसरी काही आली नाही, असा याचा अर्थ.

बायकांचा व्यायाम: नमस्कार चालतील, कुस्ती नको

बायकांनी ठरवून व्यायाम करावा असा विचार महाराष्ट्रात नवा नाही. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. संस्थानातल्या शाळांमध्ये मुलांबरोबर मुलींनाही नमस्कार घालायला लावले. त्यांच्या नमस्कारावरचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघाले. मुंबईत योगेंद्रजींनी १९१८ मध्ये योग संस्था काढली आणि त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३० च्या दशकात खास बायकांसाठी योगावर पुस्तक लिहिले. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू करून योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगाने तपासायला घेतला.

पण बाईने ताकद कमावणे समाजाला रुचत नव्हते. याचे एक उदाहरण थेट कल्याणशी जोडलेले आहे. १९४० आणि ५० च्या दशकात हमीदा बानू नावाची कुस्तीगीर पुरुष मल्लांना आव्हान देत असे. वृत्तपत्रे तिला 'अलीगढची ॲमेझॉन' म्हणत. १९५४ मध्ये तिने बाबा पहिलवानाला दीड मिनिटाच्या आसपास चीत केल्याची बातमी गाजली. पुण्यात ठरलेली तिची एक कुस्ती मात्र संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली आणि तिने मोरारजी देसाईंकडे तक्रार नेली. कुस्ती सुटल्यावर ती कल्याणात राहिली, दुधाचा धंदा केला. त्या काळी छापून आलेल्या माहितीप्रमाणे तिची उंची सुमारे १.६ मीटर आणि वजन १०८ किलो होते.

या आकड्यांवरून बीएमआय काढला तर तो ४२ येतो, म्हणजे तीव्र लठ्ठपणा. रोज सहा-सहा तास मेहनत करणाऱ्या मल्लाला आणि दिवसभर बसून असलेल्या बाईला हे गणित एकाच रांगेत उभे करते. वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. आपल्या विषयात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

शास्त्राने आधी पाहिले ते पुरुष

व्यायाम आणि आजार यांचा आधुनिक अभ्यास लंडनच्या बसमध्ये सुरू झाला. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवले की दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढत. पुढे १९५६ मध्ये याच चमूने दोघांच्या गणवेशाची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या पँटचा कमरेचा घेर मोठा निघाला.

त्याच वर्षी ज्याँ मेयर यांचा पश्चिम बंगालमधल्या ताग गिरणीतल्या कामगारांचा अभ्यास आला. अंगमेहनत करणारे कामगार भुकेप्रमाणे खात आणि त्यांचे वजन आटोक्यात राही. बैठे काम करणारे मात्र कमी हालचाल असूनही जास्त खात आणि त्यांचे वजन जास्त होते. हालचाल फारच कमी झाली की भूक आणि गरज यांचा मेळ सुटतो, हे यातून पुढे आले.

हे सगळे अभ्यास पुरुषांचे. पगारी काम करणाऱ्यांची नोंद असते, त्यांचा अभ्यास सोपा असतो. जात्यावर बसणाऱ्या बाईची हजेरी कोणत्याच मस्टरवर नव्हती.

प्रश्न वजनाचा की कमरेचा?

बायकांच्या शरीराकडे बारकाईने पाहणाऱ्यांत फ्रेंच डॉक्टर ज्याँ व्हाग यांचे नाव घ्यावे लागते. १९४७ मध्ये त्यांनी मांडले की चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचे. मांड्या-नितंबांवरच्या चरबीपेक्षा पोटाभोवतीच्या चरबीबरोबर मधुमेह जास्त दिसतो. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या जेराल्ड रेव्हन यांनी वाढलेली साखर, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब यांच्या मुळाशी इन्सुलिनला शरीराने दाद न देणे आहे असे सांगितले. आज आपण त्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतो.

भारतीयांच्या बाबतीत पुन्हा डॉ. याज्ञिक यांचे काम समोर येते. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण बारीक दिसूनही आतून चरबीचे असू शकतो. म्हणून आपल्यासाठी निकषही कडक आहेत. २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार बीएमआय २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा, आणि बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत.

स्नायू कमी आणि पोटावर चरबी जास्त, अशी ही ठेवण आहे. जेवणानंतर इन्सुलिनच्या मदतीने रक्तातून उचलली जाणारी साखर मुख्यतः स्नायूंत जाते. स्नायू हे साखरेचे गोदाम समजा. गोदाम लहान असेल, किंवा त्याचे दार गंजलेले असेल, तर साखर बाहेर रक्तात साचते.

मग बायकांवर अभ्यास झाले

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चित्र बदलले. अमेरिकेतल्या ७०,००० हून अधिक नर्सेसचा आठ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास १९९९ मध्ये आला. आठवड्याला तीन तास किंवा जास्त झपाझप चालणाऱ्या बायकांमध्ये हृदयविकाराचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. रमतगमत चालण्यापेक्षा वेगाने चालणे जास्त लाभाचे ठरले.

२००७ मध्ये जास्त वजनाच्या, रक्तदाब वाढलेल्या आणि पाळी गेलेल्या ४६४ बायकांवर एक नेमका प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना व्यायामाचे तीन निरनिराळे डोस दिले होते. सर्वांत कमी डोस आठवड्याला फक्त ७२ मिनिटांच्या आसपास होता. तेवढ्यानेही हृदय-फुप्फुसांची क्षमता वाढली. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत वजनात विशेष फरक पडला नाही, पण कमरेचा घेर तिन्ही गटांत कमी झाला. तलावपाळीच्या फेऱ्या सोडणाऱ्या माझ्या रुग्णांना मी हा प्रयोग आवर्जून सांगते.

ताकदीच्या व्यायामाचे काय? २००३ मध्ये मधुमेह असलेल्या, लठ्ठ आणि पाळी गेलेल्या २८ बायकांचा १६ आठवड्यांचा एक छोटा अभ्यास झाला. एका गटाने फक्त एरोबिक व्यायाम केला, दुसऱ्याने एरोबिक आणि वजनांचा असा दोन्ही. पोटातली चरबी दोन्ही गटांत सारखीच घटली, पण इन्सुलिनला मिळणारी दाद लक्षणीय सुधारली ती दोन्ही प्रकार करणाऱ्या गटात. जात्याने आजीला जे मिळत होते ते नुसत्या चालण्याने भरून का निघत नाही, याचे उत्तर इथे आहे. मधुमेहाच्या रुग्णांवर २००७ आणि २०१० मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासांतही तीन महिन्यांची सरासरी साखर दोन्ही प्रकार एकत्र केल्याने सर्वांत चांगली उतरली.

आणि फुगडी? २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात ४५ तरुण मुलींवर १५ आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाने सायकलवर आठ सेकंद जोरात, बारा सेकंद सावकाश असे जास्तीत जास्त वीस मिनिटे केले, तेही आठवड्यातून तीनदाच. दुसऱ्या गटाने एकाच संथ वेगाने त्यापेक्षा जास्त वेळ सायकल चालवली. चरबी आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन पहिल्या गटात जास्त उतरले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या २७ लठ्ठ बायकांनी १६ आठवडे व्यायाम केला. दर वेळी खर्च होणाऱ्या कॅलरी सारख्या ठेवूनही, पोटातल्या आतल्या चरबीवर जोराच्या व्यायामाचाच ठळक परिणाम दिसला. हे अभ्यास लहान आहेत, पण त्यांची दिशा एकच आहे.

वजन न उतरताही मधुमेह टळतो

२००६ मध्ये चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांत, नुसताच नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास चालणे आणि आहारात बदल करणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. या गटाचे वजन विशेष उतरलेच नव्हते.

अमेरिकेतल्या २००२ च्या गाजलेल्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात आहार, व्यायाम आणि वजनघट मिळून धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला होता. त्यात दोन तृतीयांश बायका होत्या. वजन उतरले तर फायदा वाढतो, हे त्यातून स्पष्ट झाले. पण ज्यांना वजनाचे लक्ष्य गाठता आले नाही, त्यांच्यापैकी आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम सांभाळणाऱ्यांना मधुमेह ४४ टक्के कमी झाला.

याचे कारण स्नायूंत आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. व्यायाम संपल्यावरही त्या दाराचे वंगण एक-दोन दिवस टिकते. म्हणूनच व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. रविवारी दोन तास आणि आठवडाभर काही नाही, यापेक्षा एक दिवसाआड अर्धा तास कधीही चांगला.

आपल्या गावात, आपल्या दिवसात

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. ते आपल्या दिवसात असे बसवता येतील.

चालणे: मासुंदा तलाव, उपवन, कल्याणचा काळा तलाव, डोंबिवलीचे क्रीडा संकुल, किंवा सोसायटीचे आवार. वेग इतका हवा की बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. सलग वेळ नसेल तर दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे चालतील. जेवणानंतर चालल्यास साखरेचा चढ कमी होतो.

ताकद: आठवड्यातून दोन-तीन दिवस, वीस मिनिटे. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, टाचा वर उचलणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या किंवा रबरी पट्टा घेऊन हातांचे व्यायाम. दहा-बारा वेळा केल्यावर शेवटचे दोन जड जायला हवेत. सोपे वाटू लागले की वजन वाढवा. "बाईने वजने उचलली की पुरुषी दिसते" ही समजूत सोडा. बायकांचे स्नायू तसे फुगत नाहीत, आणि चाळिशीनंतर आपोआप घटणारे स्नायू टिकवण्याचा हाच मार्ग आहे.

जोर: पाया पक्का झाल्यावर आठवड्यातून एक-दोनदा एक मिनिट झपाझप, दोन मिनिटे सावकाश, असे सहा वेळा. स्टेशनच्या पुलावर सरकता जिना सोडून पायऱ्या घेतल्या तरी सुरुवात होते. ठाणे-डोंबिवलीत मंगळागौरीचे खेळ करणारे बायकांचे गट आहेत. त्यांच्या सरावाला वर्षभर जायला काय हरकत आहे? भरभर घातलेले सूर्यनमस्कार याच प्रकारात मोडतात. संथ आसने लवचिकतेला आणि मनाला उत्तम, पण ती चालण्याची किंवा ताकदीच्या व्यायामाची जागा घेत नाहीत.

काही सावधगिरी. चालताना छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येणे असे होत असेल तर आधी तपासणी. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी डॉक्टरांशी डोसबद्दल बोला आणि जवळ साखर ठेवा. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला त्रास असेल तर जड वजने विचारल्याशिवाय उचलू नका. गुडघे दुखत असतील तर उड्या आणि फुगड्या टाळा, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम मात्र जरूर करा. आणि थोडे चालून फार दम लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांमध्ये ते कमी असते, आणि मग आळस समजला जाणारा थकवा प्रत्यक्षात पांडुरोग असतो.

फायदा मोजायला वजनकाट्यासोबत शिंप्याची टेप ठेवा. महिन्यातून एकदा, सकाळी, श्वास सोडून कंबर मोजा. दर तीन महिन्यांनी, किंवा डॉक्टर सांगतील तसे, साखर, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब पाहा. तिसरा मजला चढताना आधी कितीदा थांबत होता आणि आता कितीदा थांबता, तेही लिहून ठेवा.

शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. आजीच्या मेहनतीत विसावा नव्हता आणि आईच्या दिवसात वेळ नव्हता. व्यायामाला लागणारी अर्ध्या तासाची मोकळीक बाईला एकटीने काढता येत नाही. त्या अर्ध्या तासात कुकर दुसऱ्या कोणीतरी लावायला हवा. घरात कोणाला मधुमेह होऊ नये असे वाटत असेल, तर सुरुवात तिथून करा.